छावणीतला मृत्यू आणि लाल टोपीवाला

लष्कराच्या हद्दीत एखादा जवान संशयास्पद स्थितीत मृत सापडला की बातमीच्या तिसऱ्या ओळीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे आदेश देण्यात आले आहेत.’ मराठीत त्याचं कधी ‘न्यायालयीन चौकशी’ होतं, कधी ‘लष्करी न्यायालयामार्फत तपास’. दोन्ही चूक. ही नुसती भाषांतराची चूक असती तर सोडून देता आली असती. पण साताऱ्याहून आलेला बाप ‘कोर्ट बसलंय’ एवढं ऐकून, आता न्यायाधीश बघतील म्हणून गावी परत जातो, म्हणून ती सोडता येत नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी हे कोर्ट नाही. १९५४ च्या आर्मी रूल्समधल्या नियम १७७ नुसार ती अधिकाऱ्यांची, किंवा अधिकारी आणि सुभेदार-हवालदारांची बैठक असते. तिचं काम पुरावा गोळा करणं आणि सांगितलं असेल तर अहवाल देणं. ती बसवतो कमांडिंग ऑफिसर, म्हणजे बहुतेक वेळा ज्याच्या पलटणीत मृत्यू झाला तोच, नाहीतर त्याच्या वरचा. नियम १८२ पुढचं सांगतो : या चौकशीतले जबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, खोटी साक्ष दिल्याचाच खटला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे वीस साक्षीदारांनी वीस पानं बोलून झाल्यावरही खटल्याच्या हिशेबाने पाटी कोरीच. पुढे समरी ऑफ एव्हिडन्समध्ये, म्हणजे खटल्याआधी लेखी जबाब नोंदवताना, तेच साक्षीदार पुन्हा बोलतात, आणि मधल्या काळात त्यातल्या काहींच्या बदल्या झालेल्या असतात.

नियम १८० चांगला आहे. चौकशीत ज्या लष्करी माणसाच्या चारित्र्याला किंवा नावलौकिकाला धक्का लागू शकतो, त्याला सुरुवातीपासून हजर राहायचा, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायचा हक्क या नियमाने दिला. या हक्कावर कित्येक चौकशा न्यायालयात कोसळल्या आहेत. मात्र ज्याच्याबद्दल ‘घरगुती ताण होता’, ‘दारू पीत होता’ असं लिहिलं जातं तो मेलेला असतो, आणि त्याची बायको लष्करी कायद्याखाली येत नाही. त्या खोलीत त्याच्या बाजूने प्रश्न विचारणारं कुणी नसतं. आणि त्याच अहवालावर मृत्यू ‘सेवेमुळे’ की ‘सेवेशी संबंध नाही’ हे ठरतं, म्हणजे पेन्शन किती हेही.

आता लाल टोपीवाला. कुलाब्यात आर. सी. चर्चच्या बाजूला गेलेल्याला तो ओळखीचा असतो : लाल टोपी, पांढरा पट्टा, दंडावर ‘एम. पी.’. आपल्या समजुतीत तो लष्कराचा फौजदार. मृत्यूच्या तपासात तो दिसतोही. खोलीला पहारा लावतो, रायफल आणि रिकामी पुंगळी ताब्यात घेतो, शस्त्रागाराच्या नोंदवहीत शस्त्र कधी कुणाच्या सहीने बाहेर गेलं ते बघतो, आदल्या रात्रीची ड्यूटी कुणाची ते टिपून ठेवतो. पण त्याच्या अधिकाराचा मूळ पाया काय, हे बघायला १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम १०७ वाचावं. प्रोव्होस्ट मार्शलची, म्हणजे लष्करी पोलिसांच्या अधिकाऱ्याची, कामं तिथे मोजून दिली आहेत : कोठडीतल्यांचा ताबा, शिस्त राखणं, गुन्हेगाराला अटक, कोर्ट मार्शलच्या (म्हणजे खऱ्या लष्करी न्यायालयाच्या) शिक्षेची अंमलबजावणी. अधिकाऱ्याला अटक करायची तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम हवा. ‘तपास’ हा शब्द त्या कलमात नाही. त्यामुळे लष्करी पोलिसांतला हुशार तपास अधिकारीसुद्धा शेवटी आपला अहवाल कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर ठेवतो. पुढे काय करायचं ते ठरवायची सही लष्करी पोलिसाची नसते.

शहर पोलिसांचा वाटा यातून सुटत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. छावणीची भिंत असली तरी अनैसर्गिक मृत्यूची नोंद, एडीआर, हद्दीच्या पोलीस ठाण्यात व्हायलाच हवी. इन्क्वेस्ट, म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, त्यांचाच. मुंबईत याला एक वेगळा पदर होता. १८७१ च्या कायद्याने इथे कॉरोनर असायचा आणि कुलाब्याची छावणी त्याच्या हद्दीत यायची. पोलीसही नाही आणि पलटणही नाही, असा तिसरा माणूस मृत्यूचं कारण विचारायचा. १९९९ मध्ये ते पद रद्द झालं. कारभार संथ होता, शव मिळायला वेळ लागायचा, या तक्रारी खऱ्याच होत्या. तरी लष्करी मृत्यूंपुरतं बोलायचं तर ते पद गेल्याने नुकसान झालं, असं माझं मत आहे. शवविच्छेदनाचा अहवाल आणि एडीआर क्रमांक हे दोन कागद घरच्यांनी पहिल्या आठवड्यातच मागावेत. चौकशीची प्रत माहिती अधिकारात नंतर मागता येते.

खरा गुंता आर्मी ॲक्टच्या कलम १२५ चा. जवानाने जवानाला मारलं तर खटला साध्या न्यायालयातही चालू शकतो, कोर्ट मार्शलमध्येही. निवड कुणाची? आर्मी, कोअर, डिव्हिजन किंवा स्वतंत्र ब्रिगेडच्या कमांडरची. मॅजिस्ट्रेटचं मत वेगळं पडलं तर कलम १२६ नुसार केंद्र सरकार ठरवतं. १९७८ च्या नियमांनी त्यात पंधरा दिवसांच्या नोटिशीची भर घातली : मॅजिस्ट्रेटने आधी लष्कराला कळवायचं, मग थांबायचं.

ही निवड मनमानी आहे का, हा प्रश्न १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीजवळ शकूरबस्तीच्या डेपोत एका शिपायाने १९६२ मध्ये दोन शिपाई आणि एका हवालदाराला गोळ्या घातल्या होत्या. कोर्ट मार्शलने फाशीची शिक्षा दिली. समानतेच्या हक्काचा मुद्दा त्याने मांडला, तो फेटाळला गेला. त्याआधी १९६१ चा निकाल तर मुंबई राज्यातलाच, देहूच्या वाहन डेपोतला माल बाहेर काढल्याच्या खटल्यातला. मृत्यूशी त्याचा संबंध नाही, पण सूत्र तिथे ठरलं : कमांडरने कोर्ट मार्शल निवडलं नाही, तर साध्या न्यायालयाचा अधिकार शाबूत.

साठ वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागलं. सिक्कीममध्ये डिसेंबर २०१४ मध्ये एका लान्स नायकावर सहकाऱ्याच्या खुनाचा गुन्हा दाखल झाला. लष्कराने स्वतः खटला साध्या न्यायालयावर सोडला, तर सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय म्हणाले, हे कोर्ट मार्शलचं काम. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. सात वर्षं गेली ती दोषी कोण हे बघण्यात नाही, कुणी बघायचं या वादात.

मेलेला सिव्हिलियन असेल तर कलम ७० येतं आणि दिशा बदलते : अशा खुनाचा खटला कोर्ट मार्शलमध्ये नाही. म्हणजे इथे कायदा मारणाऱ्याकडे नाही, मेलेल्याकडे बघतो. अपवाद तीन : आरोपी परदेशात, सीमेवरच्या ठरावीक चौकीवर किंवा ‘ॲक्टिव्ह सर्व्हिस’वर असेल तर. हा शेवटचा शब्द वरकरणी युद्धभूमीचा. पण १९६२ च्या चीन युद्धाच्या दिवसांत निघालेल्या अधिसूचनेची जागा ५ सप्टेंबर १९७७ च्या अधिसूचनेने घेतली, आणि तिने लष्करी कायद्याखालच्या सगळ्यांना, ते कुठेही नेमलेले असोत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर मानलं. कुलाब्याच्या ऑफिसात हजेरीपट भरणारा क्लार्कसुद्धा त्यात आला. अपवादानेच नियम गिळला.

नौदलाचा कायदा वेगळा, पण तिथेही हीच विभागणी होती, आणि मुंबईने ती १९५९ मध्ये जवळून पाहिली. नेपियन सी रोडच्या बाजूला पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडून कमांडर नानावटी आधी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे गेला, आणि तिथून त्याला पोलीस उपायुक्तांकडे जायला सांगण्यात आलं. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कमी आठवतं ते हे, की खटला साध्या न्यायालयात असूनही तो नौदलाच्या ताब्यात राहिला, आणि ११ मार्च १९६० ला उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली. कोठडी कुणाची, या एका प्रश्नावर राज्यपाल आणि न्यायालय आमनेसामने आले.

मागे जायचं तर लष्करी पोलिसांचं दल दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उभं राहिलेलं, आणि कायद्याचा साचा १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टचा. कोर्ट मार्शलवर एकही अपील नाही, ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये कडक शब्दांत दाखवली. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ मध्ये, काम सुरू झालं २००९ मध्ये. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे, आणि पेन्शनसाठी भांडणाऱ्या विधवांना आता तिथे जाता येतं.

अलीकडची भर दोन. २०१९ मध्ये लष्करी पोलिसांत महिला जवानांची भरती जाहीर झाली, महिलांशी संबंधित गुन्ह्यांचा तपास हे एक कारण सांगून. बंगळूरच्या केंद्रातून ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बाहेर पडली. आणि १ जुलै २०२४ पासून पंचनाम्याचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं १७४ कलम नव्या संहितेत १९४ झालं. कलमाचा आकडा बदलला, आतला मजकूर जवळपास तोच. आर्मी ॲक्टला त्या फेरबदलात हात लागला नाही. कलम १०७ आजही १९५० मध्ये लिहिलं जवळपास तसंच वाचलं जातं.