भटकंतीची सुरी आणि पोलादाला दिलेले पाणी

सह्याद्रीत मुक्कामी जाणारे नवखे भटके बहुधा जाड पात्याचा, दातेरी पाठीचा, पाहताच धाक वाटावा असा चाकू विकत घेतात आणि पहिल्याच रात्री त्याने बटाटा चिरायला बसले की बटाटा कापला न जाता कडकन दुभंगतो. दोष धारेचा नसतो. पाच मिलिमीटर जाडीचे पाते पाचरीसारखे वागते. धार आत शिरताच मागची जाडी दोन्ही बाजूंना रेटा देते आणि भेग धारेच्या पुढे पळते. लाकूड फोडताना हाच गुण हवा असतो, भाजी चिरताना तो आड येतो. त्यामुळे दोन अडीच मिलिमीटर जाडीची, चार इंच पात्याची साधी सुरी मला अधिक उपयोगी वाटते. मात्र तिचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असावे.

पोलाद कोणते, याइतकेच त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून कसे थंड केले आहे, हेही महत्त्वाचे असते. साधे कार्बन पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की लोखंडाच्या स्फटिकांची रचना बदलते आणि कार्बनचे अणू तिच्यात सामावतात. ते लगेच पाण्यात किंवा तेलात बुडवल्यास कार्बनला बाहेर पडायला अवधी मिळत नाही. तो अडकून स्फटिकांना ताण देतो आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ बनते. हा ठिसूळपणा उतरवण्यासाठी ते पुन्हा, या वेळी २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान, तापवावे लागते. तापमापकाशिवाय काम करणारा लोहार फक्त धार बुडवतो, तिच्यावरची काजळी घासून काढतो आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना उमटणारे रंग पाहतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पृष्ठभागावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे हे रंग दिसतात आणि थराच्या जाडीबरोबर बदलतात. सुरी पिवळ्यावर थांबवायची, घाव सोसणारे हत्यार जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवलेल्या कोयतीची पाठ अशा रीतीने मऊ राहते आणि धक्का पचवते.

पावसाळी भटकंतीसाठी मात्र मी स्टेनलेस स्टीलच निवडतो. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते आणि ते ऑक्सिजनशी संयोग पावून काही नॅनोमीटर जाडीचे कवच धरते. ओरखडा पडला तरी ते पुन्हा तयार होते. कार्बन पोलादाला दगडावर धार लवकर चढते हे खरे, पण लिंबू चिरून तसेच ठेवलेले पाते पाहता पाहता काळवंडते. पोलादाचा कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ५६ ते ५८ अंक पुरेसे आहेत; त्याहून फार कठीण पात्याची धार टिकते खरी, पण मुक्कामी ती पुन्हा लावणे जिकिरीचे होते.

कोयती न्यावी का, याचे उत्तर बऱ्याचदा जागाच देते. हरिश्चंद्रगडासारखा गड अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही आणि कायद्याच्या व्याख्येत चाकूही येतो. त्यामुळे छोट्या सुरीविषयीही वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारावे. चूल पेटवण्यासाठी झाड तोडणे तर तिथे मुळातच वर्ज्य असल्याने कोयती घरी आणि गॅसची शेगडी पाठीवर, अशीच माझी वाटणी असते. परतल्यावर सुरी कातडी म्यानात ठेवू नये, कारण कातडे ओल धरून ठेवते; ती कोरडी पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळावी.