कल्हई
कल्हई : तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा पातळ थर देण्याची क्रिया, तसेच तो थर. अन्न कळकू नये हा तिचा हेतू. 

शब्द अरबी ‘कलई’ (कथील) यावरून फार्सीमार्गे आला, याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो अरबी शब्दाच्या मुळाविषयी. अरब भूगोलवेत्त्यांनी उल्लेखिलेले ‘कलह’ हे बंदर मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, बहुधा आजच्या केदाहच्या परिसरात होते आणि तेथून कथील निर्यात होई. धातूला त्यावरूनच नाव पडले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. काही जण ‘किल्ला’ या अर्थाच्या अरबी शब्दाकडे, तर काही कथिलासाठीच्या मलायी शब्दाकडे बोट दाखवतात. पूर्वेकडून येणाऱ्या कथिलाला पोर्तुगीज ‘कालाइं’ म्हणत, हे लक्षात घेता बंदराचे मत अधिक ग्राह्य वाटते. संस्कृतात कथिलाला ‘त्रपु’ आणि ‘वंग’ हे जुने शब्द होतेच. म्हणजे धातू परिचित होता. परके नाव व्यापाराबरोबर रूढ झाले.

क्रियेचा उगमही वादग्रस्त आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. पहिले शतक) कांस्यवस्तूंना कथिलाचा मुलामा देण्याचे श्रेय गॉल (आजचा फ्रान्स व लगतचा प्रदेश) प्रांतांना देतो. ‘स्टॅग्नम’चा लेप दिलेल्या भांड्यांत चव सुधारते व जंगालाचे (तांब्यावरील हिरव्या गंजाचे) विष आटोक्यात राहते, असेही तो लिहितो, मात्र त्याचे ‘स्टॅग्नम’ म्हणजे शुद्ध कथील की शिसे व चांदीचे मिश्रण, हे निश्चित सांगता येत नाही. भारतातील कल्हईच्या प्राचीनतेविषयीचे साहित्यिक पुरावे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी गोळा केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मात्र प्रथा पूर्ण रुजलेली दिसते : ‘आइन-इ-अकबरी’नुसार बादशहाच्या मुदपाकखान्यातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई.

रसायन : कमी क्रियाशील धातूने अधिक क्रियाशील धातू झाकला जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. कल्हईत घडते ते उलट. प्रमाण विद्युत्‌ विभव (धातूची क्रियाशीलता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितका धातू अधिक क्रियाशील) तांब्याचे +०.३४, कथिलाचे −०.१४ व लोखंडाचे −०.४४ व्होल्ट, म्हणजे तांब्यापेक्षा कथील अधिक क्रियाशील. क्रियाशीलतेच्या क्रमात तांबे हायड्रोजनच्या खाली असल्याने ताक, चिंच यांतील सौम्य अम्ल एकट्याने त्याला विरघळवत नाही. हवेतील ऑक्सिजनची जोड लागते. म्हणूनच आमटी रात्रभर तशीच राहिली की कळकते. कथिलावर मात्र ऑक्साइडाचा घट्ट पापुद्रा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजी सुटत नाही, त्यामुळे सौम्य अम्लात ते फार सावकाश झिजते. थराला ओरखडा पडला तरी आधी कथील झिजते व जवळचे तांबे काही काळ वाचते. कथिलाचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या डब्यात परिस्थिती वेगळी : तेथे बाहेरून कथील लोखंडापेक्षा कमी क्रियाशील ठरते आणि ओरखड्यापाशी गंज वेगाने पसरतो. बंद डब्याच्या आत मात्र फळांतील सेंद्रिय अम्ले कथिलाशी जटिल संयुगे बनवतात, भूमिका पालटते आणि कथीलच लोखंडाला राखते.

कृती : भांडे घासून भट्टीवर तापवतात, नवसागराची (अमोनियम क्लोराइडाची) पूड टाकतात, कथिलाची कांडी टेकवतात आणि वितळलेले कथील कापसाने फिरवून भांडे लगेच पाण्यात बुडवतात. उष्णतेने नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड यांत विघटन होते. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरील ऑक्साइडाचे क्लोराइड करते व ते पुसून निघते. दाट पांढरा धूर हा दोन्ही वायू पुन्हा एकत्र येऊन झालेला नवसागरच. उघड्या पडलेल्या तांब्याशी कथिलाचा संयोग होऊन सीमेवर दोहोंची आंतरधातू संयुगे बनतात. कल्हई रंगासारखी नुसती चिकटत नाही, ती याच कारणाने. कथील २३२° से. ला वितळते, म्हणून कल्हईचे रिकामे पातेले चुलीवर ठेवत नाहीत.

भेसळ : शिसे कथिलापेक्षा स्वस्त असते आणि ते कथिलात मिसळले की मिश्रण कमी तापमानाला, १८३° से. पासूनच वितळू लागते, त्यामुळे मोह होतो. असे शिसे अन्नात उतरते आणि त्याचे विष शरीरात साठते. मुलांना त्याचा धोका सर्वाधिक. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात (सुमारे तेरावे शतक) वंगाचे ‘खुरक’ व ‘मिश्रक’ असे दोन प्रकार सांगून पांढरे, मऊ खुरक श्रेष्ठ आणि काळसर मिश्रक अहितकर ठरवले आहे. मिश्रक म्हणजे शिसेमिश्रित कथील असावे, हा तर्क पटण्याजोगा आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी (१९५५) नीट कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी स्वयंपाकास अयोग्य ठरवली. पण नुसती कल्हई पुरेशी नाही, ती शुद्ध कथिलाचीच हवी, याचा आग्रह तितकाच आवश्यक आहे.

ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलची भांडी आल्यावर दारोदार फिरणारे कल्हईवाले कमी झाले. पितळी पातेली व तांब्याचे हंडे जेथे वापरात आहेत, तेथे व्यवसाय टिकून आहे.