संग्रहालयातले सांगाडे सगळेच नकली?

‘तिथले सांगाडे म्हणजे निव्वळ प्लास्टर, खरी हाडं कुलपात’ असं वर्षानुवर्षं ठोकून दिलं जातं. त्याला थोडा आधारही आहे: लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९०५ साली मांडलेला ‘डिप्पी’ डायनोसॉर खरोखरच प्लास्टरचा. पण २०१७ पासून त्याच्या दालनात छताला टांगलेला निळा देवमासा (मासा कसला, सस्तन प्राणी!) अस्सल हाडांचा आहे; १८९१ मध्ये तो आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकला होता. शिकागोच्या संग्रहालयातल्या ‘सू’ या टी. रेक्स डायनोसॉरची तर वेगळीच गंमत. धड बहुतांशी खऱ्या जीवाश्मांचं, डोकं मात्र साच्यातून काढलेलं. खरी कवटी इतकी जड, की सांगाड्याला पेलवायची नाही. ती वेगळी काचपेटीत ठेवलीय. शंका आली तर फलक वाचावा. प्रतिकृती असेल तर बहुधा तसं लिहिलेलं असतं.