पणजोबांची पलटण शोधताना: कोणता कागद, कोणतं दार

खंडेनवमीला आमच्या घरी विळा-कोयत्यांच्या शेजारी एक काळवंडलेलं पदक पूजेला लागतं. आजी दर दसऱ्याला ते चिंच लावून लख्ख घासायची. त्या घासण्यात कडेवरची अर्धी अक्षरं गेली. पणजोबांचा माग काढायला सगळ्यात मोलाची होती ती हीच अक्षरं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून अर्जाचं बोलण्याआधी एक विनंती: घरात जुनं पदक असेल तर ते घासणं आजपासून थांबवा.

हिंदी फौजेच्या जुन्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण सहसा कोरलेली असते. गोल पदक असेल तर कडेवर, चांदणीसारखं असेल तर पाठीमागे. पदक खिडकीपाशी तिरपं धरा, कडेवरून बोटानं थोडी पावडर फिरवा आणि हलकेच फुंकर मारा. खोलगट अक्षरांत पांढरं उरतं, त्याचा फोटो काढा. आमच्याकडे '110' आणि नावाची शेवटची तीन अक्षरं एवढंच दिसलं. तेवढ्यावरून पलटण ठरली: 110 वी मराठा. ही पलटण पहिल्या महायुद्धात कूतच्या (आजच्या इराकमधलं गाव) वेढ्यात होती आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. घरात हातभर रुंदीची नव्हे, पण तळहाताहून मोठी गोल कांस्य तबकडी असेल, तर तो माणूस पहिल्या महायुद्धात गेला असं समजा. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर आणि पलटण नसते.

1922 साली पलटणींचे आकडे बदलले, तिथे पुष्कळ जण चुकतात. 103, 105, 110, 116 आणि 117 या पलटणी पाचव्या मराठा रेजिमेंटच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. 114 वी दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. आजोबांच्या कागदावर 3/5 (म्हणजे पाचव्या मराठाची तिसरी बटालियन) आणि पणजोबांच्या पदकावर 110 असेल, तर दोघं एकाच पलटणीतले.

आता अर्ज. माणूस 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 किंवा 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत असताना गेला असेल, तर कॉमनवेल्थ युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. त्याला पैसे पडत नाहीत. सेवेतून सुटल्यावर, पण सेवेतल्याच जखमेनं किंवा आजारानं याच मुदतीत गेलेला माणूसही पात्र ठरू शकतो. नाव नसेल तर नोंदीसाठी प्रकरण पाठवता येतं. त्याला सेवेचा पुरावा, मृत्यूच्या तारखेचा पुरावा आणि सुटल्यानंतरचा मृत्यू असल्यास कारणाचा पुरावा लागतो. असलेल्या नोंदीतली चूकही पुराव्यानिशी दुरुस्त करून मागता येते.

शोधताना गाव जपून घाला. आमचं गाव रायबागकडचं. 'बेळगाव' लिहून आम्ही दोन महिने शोधत बसलो आणि हाती काही लागलं नाही. त्या काळी रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, बेळगावचं शहापूर सांगलीकरांकडे, रामदुर्ग तर स्वतःच संस्थान. 'कोल्हापूर' घातल्यावर पणजोबांचं नाव वडिलांच्या नावासकट समोर आलं. इंग्रज कारकुनानं आडनाव कानाला येईल तसं लिहिलेलं असतं, म्हणून चार-पाच प्रकारे लिहून बघा. नाही जमलं तर पलटणीवरून यादी काढून एकेक नाव वाचा.

आजोबा 1947 नंतरचे किंवा पेन्शनवर आलेले असतील तर दार वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावातच आहे, पण सीमाभागातला प्रत्येक फौजी मराठा पलटणीतला नव्हता. महार रेजिमेंटची पहिली बटालियन 1941 साली बेळगावातच उभी राहिली, मात्र तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. तोफखान्याचे कागद नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणींचे, खडकीला. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज फिरत बसतो. माझं पहिलं पत्र तर आर्मी नंबर नाही म्हणून जसंच्या तसं परत आलं होतं. नंबर डिस्चार्ज बुकावर किंवा पेन्शनच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) सापडतो.

साध्या पत्राला उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, पोस्टल ऑर्डरनं किंवा ऑनलाइन. प्रतीला पानामागे 2 रुपये. अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत लिहा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. 'खासगी माहिती' म्हणून नकार आला तर कलम 8(3) दाखवा: 20 वर्षांपूर्वीच्या बाबींना ती आडकाठी लागू होत नाही. पेन्शन नसलेल्यांचे कागद साधारण 25 वर्षांनी नष्ट केले जातात, लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांची मूळ नोंदवही, मात्र ठेवलेला असतो. म्हणून अर्जात 'लाँग रोलमधील नोंदीची प्रत' असं स्पष्ट मागा.

नातं दाखवायला नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वंशावळ काढावी लागते. आधार, रेशन कार्ड, मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडा. इथे खरा त्रास नावांचा: 1 नोव्हेंबर 1956 ला आमचा भाग कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेला, त्यापूर्वीचे कागद मराठीत, काही मोडीत, त्यानंतरचे कन्नडमध्ये. तीन लिप्यांत एकच माणूस तीन माणसं दिसतो. ही सगळी रूपं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्रात लिहून घ्या आणि सोबत इंग्रजी भाषांतर द्या. वंशावळ काढतानाच पणजोबांपर्यंत मागे न्या. आम्ही आजोबांपाशी थांबलो आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली किती गेले तो आकडा आहे. नावं आयोगाच्या नोंदवहीत आहेत. आमच्या पणजोबांच्या नावात तिथे एक अक्षर चुकलंय, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज मी गेल्या आठवड्यात पाठवला. सोबत पदकाच्या कडेचा पावडर लावलेला फोटो जोडला.