अपस्मार शस्त्रक्रियेनंतर मुलांची जीवनगुणवत्ता

अपस्मारावर (फेफरे, आकडी) मेंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर मुलाचे रोजचे जगणे कितपत सुधारले, याचा विचार या संकल्पनेत होतो. शरीर, भावना, आकलन आणि चारचौघांतला वावर ही तिची अंगे होत. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर आजार औषधांना दाद देत नाही असे मानतात. अपस्माराच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांची हीच स्थिती असते. त्यांपैकी ज्यांच्या फिटचे उगमस्थान मेंदूत नेमके सापडते आणि ते काढणे शक्य असते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार करतात.

शस्त्रक्रियेचे यश बहुधा एंगेल वर्गवारीने सांगतात. जगणे बिघडवणाऱ्या फिट पूर्ण थांबल्या तर पहिला वर्ग. परंतु फिट मोजून घरातले चित्र कळत नाही. ज्या मुलाला केव्हाही फिट येते, त्याला न्हाणीघराची कडी लावू देत नाहीत, पोहायला पाठवत नाहीत. रात्री आई त्याच्या अंगावर हात ठेवून झोपते. शस्त्रक्रियेनंतर एखाद्या दिवशी ते मूल आतून कडी लावते आणि आई दाराबाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभी राहते. फिट थांबल्या तरी पालकांची धास्ती लगेच जात नाही. मुलालाही नवे ओझे वाटू शकते, कारण आजवर मिळालेली सूट संपते आणि ‘आता तू बरा झालास’ म्हणून अपेक्षा वाढतात.

मोजमापासाठी ‘क्वालिटी ऑफ लाइफ इन चाइल्डहूड एपिलेप्सी’ ही प्रश्नावली वापरतात. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत ५५ प्रश्न आहेत. ती पालक भरतात, आणि हीच तिची मर्यादा. पालकांचे आणि मुलाचे उत्तर पुष्कळदा जुळत नाही. जे मूल सांगू शकते, त्याला स्वतंत्रपणे विचारलेच पाहिजे.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयात महत्त्वाची आहे. तीत ११६ मुले होती. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले फिटमुक्त होती, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. वर्तन आणि जीवनगुणवत्ता शस्त्रक्रियेच्या गटात अधिक सुधारली. बुद्ध्यंकात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी १५ मुलांच्या अंगाच्या एका बाजूला कमजोरी आली, हेही याच चाचणीने नोंदवले.

ही किंमत पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवी. मेंदूचा एक अर्धगोल उरलेल्या मेंदूपासून तोडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मूल बहुधा चालू लागते, पण विरुद्ध बाजूच्या बोटांचे नाजूक काम परतत नाही आणि दोन्ही डोळ्यांची त्याच बाजूची नजर जाते. सदऱ्याची बटणे एका हाताने लावायला शिकावे लागते. तरीही, रोज अनेक फिट सोसलेल्या कुटुंबांना हा सौदा पटतो. औषधे कमी करता आली तर गुंगी, चिडचिड आणि विचारांतला मंदपणाही ओसरतो.

काही शस्त्रक्रियांत फिट पूर्ण थांबवणे हा हेतूच नसतो. दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा छेदल्यावर इतर फिट चालू राहू शकतात, पण धाडकन कोसळणे कमी होते. पडून कपाळाला टाके पडायचे थांबतात आणि मूल हेल्मेटशिवाय अंगणात जाऊ शकते.