पोटगीचा हुकूम राज्याची वेस ओलांडतो तेव्हा

‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.’ पोटगीच्या थकबाकीची जुनी फाईल उघडली की वॉरंटाच्या पाठीवर पोलिसांचा हा शेरा बहुधा दिसतोच. नवरा परराज्यात असेल तर हा शेरा एकदा नाही, तीन-चारदा दिसतो. बाईच्या हातात कोर्टाचा हुकूम आहे, दरमहा किती द्यायचे तेही ठरलंय, आणि पैसा येत नाही. हे असं का होतं ते कळायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. कारण या कायद्याचा सगळा इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो: बाईने कुठल्या गावच्या कोर्टाची पायरी चढायची?

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होतं. टाकलेली बायको आणि मुलं रस्त्यावर येऊ नयेत, त्यांच्यावर भीक मागायची पाळी येऊ नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून ते दिवाणी कायद्यात न जाता मॅजिस्ट्रेटच्या हातात आलं. रकमेवर कमाल मर्यादा होती: आधी महिना ५० रुपये, १९२३ पासून १०० आणि १९५५ पासून ५००. अर्ज कुठे करायचा तेही ठरलेलं होतं. नवरा जिथे राहतो किंवा असतो तिथे, नाहीतर दोघं शेवटचं जिथे एकत्र राहिले तिथे. तिचं माहेर या यादीत नव्हतं. घरातून बाहेर काढलेली बाई बहुतेकदा माहेरीच जाते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. कायद्यात मात्र त्याला जागा नव्हती. नांदायला शंभर कोसांवर दिलेली मुलगी भावाच्या घरी परत आली, तर प्रत्येक तारखेला तिला पुन्हा त्याच गावात जाऊन उभं राहावं लागे, जिथून तिला हाकललं होतं.

वसुलीचं कलम वेगळं होतं. हुकूम कुठल्याही मॅजिस्ट्रेटचा असो, तो माणूस जिथे असेल तिथला मॅजिस्ट्रेट त्याची अंमलबजावणी करू शकत असे. पण ‘जिथे’ म्हणजे ब्रिटिश मुलखात. सोलापूरच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम निजामाच्या हद्दीत परक्या कोर्टाचा ठरे. संस्थानं विलीन झाली, हाच कायदा तिथेही लागू झाला आणि ती भिंत पडली. जम्मू-काश्मीरची स्वतंत्र संहिता तेवढी २०१९ पर्यंत राहिली. साम्राज्यात समुद्रापलीकडची सोय मात्र आधीच झाली होती. १९२१ च्या पोटगी हुकूम अंमलबजावणी कायद्याने साम्राज्याच्या ज्या भागांशी परस्पर व्यवस्था झाली होती तिथले हुकूम इथे, आणि इथले तिथे, सरकारी वाटेने पाठवता येऊ लागले.

खरा बदल १९७३ च्या नव्या संहितेने केला. विधी आयोगाने आपल्या ४१ व्या अहवालात अर्जाची जागा वाढवण्याची शिफारस केली होती. टाकलेल्या बायकांना नवऱ्याच्या गावापासून दूर, नातेवाइकांच्या आसऱ्याने राहावं लागतं, हे त्यामागचं कारण. त्यातून कलम १२६ मध्ये ‘किंवा त्याची पत्नी जिथे राहते’ एवढे मोजके शब्द आले. माझ्या मते पोटगीच्या सगळ्या इतिहासात याहून मोठी सुधारणा झालेली नाही. १ एप्रिल १९७४ पासून कोकणातल्या, विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या बाईला आपल्या तालुक्याच्या कोर्टात अर्ज लावता येऊ लागला, मग नवरा सुरतेत असो की हैदराबादेत.

याच संहितेने आईवडिलांनाही मुलाकडून पोटगी मागायचा हक्क दिला, पण पत्नीला दिलेली जागेची सवलत त्यांना दिली नाही. २००४ मध्ये बिहारमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं: बापाने मुलगा राहतो तिथेच अर्ज करायला हवा. म्हातारपणी लेकाच्या शहरात जाऊन तारखा करायच्या! ही उणीव भरून निघायला १९७३ च्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची वाट पाहावी लागली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तिच्या कलम १४५ मध्ये वडील किंवा आई राहतात ते ठिकाणही आलं आहे.

म्हणजे अर्जाचं कोर्ट हळूहळू तिच्या दाराशी आलं. वसुली मात्र होती तिथेच राहिली.

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठी, देशभर पांगलेली आहेत. समजा, नवरा कोइमतूरला दुकानात आहे आणि बायको विट्याला माहेरी. विट्याच्या कोर्टाने पोटगी ठरवली, त्याने भरली नाही. आता तिच्यापुढे दोन वाटा. विट्याच्या कोर्टाकडून दंडवसुलीसारखं जप्तीचं वॉरंट काढायचं. पण त्याची मालमत्ता कोर्टाच्या हद्दीबाहेर असेल तर तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्याने त्यावर सही केल्याशिवाय जप्ती होत नाही. नाहीतर हुकमाची नक्कल घेऊन थेट कोइमतूरच्या मॅजिस्ट्रेटकडे जायचं. नक्कल तिला फुकट मिळते, कायद्यातच तसं म्हटलंय. पण हुकूम मराठीत, कोर्ट तमिळ मुलखातलं. भाषांतर करून घ्या, तिथला वकील गाठा, भाड्याचे पैसे जमवा. ज्या बाईला महिन्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून हा सगळा खटाटोप, तिनेच आधी खर्च करायचा. आणि थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत लागला पाहिजे, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. एक-दोन वॉरंटं ‘मिळून आला नाही’ म्हणत परत आली की ते वर्ष भुर्रकन सरतं.

पैसे न भरणाऱ्याला प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘तुरुंगात बसलो, आता देणं फिटलं’ असं म्हणणारे निघालेच. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं: कैद हे वसुलीचं साधन आहे, कैदेने देणं फिटत नाही.

याच काळात महाराष्ट्रात परित्यक्तांचे मेळावे भरत होते, मोर्चे निघत होते. ५०० रुपयांत घर चालत नाही हे बायका चव्हाट्यावर मांडत होत्या. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती मर्यादा १,५०० केली. २००१ मध्ये केंद्राने मर्यादाच काढून टाकली.

वसुलीचं दार थोडं उघडलं ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. तात्पुरती राहते तिथेही बाईला अर्ज करता येतो, हुकूम सगळ्या भारतात चालतो, आणि मॅजिस्ट्रेट थेट मालकाला सांगू शकतो की याच्या पगारातला वाटा तिला द्या. पगारदार नवऱ्याच्या बाबतीत हे फार उपयोगी आहे. अमेरिकेत, जिथे प्रत्येक राज्याचा कुटुंबकायदा वेगळा, तिथे भर याच उपायावर आहे. १९५० पासून राज्यांनी परस्पर वसुलीचे कायदे केले, तरी एकाच मुलाबद्दल दोन राज्यांत दोन हुकूम निघत. १९९२ च्या नव्या नमुना कायद्याने एका वेळी एकच हुकूम चालेल असं ठरवलं आणि पगारकपातीचा आदेश परराज्यातल्या मालकाला सरळ पाठवायची सोय केली. १९९६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने तो सगळ्या राज्यांवर बंधनकारक केला.

आपल्याकडे ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात दोघांनी मिळकतीचं शपथपत्र द्यावं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी आणि ती दिवाणी हुकूमनाम्यासारखीही वसूल करता यावी, असं सांगितलं. पण गलाईचं दुकान, रोजंदारी, ऊसतोड, रिक्षा इथे कापायला पगारपत्रकच नाही. तिथे अजून जुनंच कलम कामी येतं. १८९८ मध्ये ते ४९० होतं, १९७३ मध्ये १२८ झालं, आता १४७ आहे. क्रमांक बदलले, अट तीच: हाच तो माणूस आणि याने पैसे भरलेले नाहीत, याची त्या परगावच्या मॅजिस्ट्रेटची खात्री पटली पाहिजे. त्यासाठी आजही विट्याची बाई पिशवीत नक्कल, आधार कार्ड आणि लग्नातला फोटो घेऊन कोइमतूरची गाडी पकडते.