पाणी ओसरलं म्हणजे रस्ता मोकळा?

पूर ओसरून डांबर दिसू लागलं, की 'आता रस्ता का अडवलाय?' हा प्रश्न हमखास येतो. समज जुना आहे, आणि चुकीचा. भार पेलण्याचं बरंचसं काम डांबराखालचे खडी-मातीचे थर करतात. ते पाण्याने मऊ पडतात आणि सुकायला कधी कधी आठवडे घेतात. तेवढ्यात भरलेले ट्रक सोडले, तर पुराने न मोडलेला रस्ता आपणच मोडतो.

पुलाचं प्रकरण याहून अवघड. प्रवाह खांबाच्या पायाखालची माती उकरून नेतो आणि पाणी उतरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ भरतो. वरवर पाहणाऱ्याला सगळं ठाकठीक वाटतं! न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा महामार्गाचा पूल १९८७ साली पुरात पाया उकरला जाऊनच कोसळला. १० जणांचा जीव गेला.

'मग वळवा की वाहतूक!' तेही फुकट नाही. ॲक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार दुप्पट झाला, की रस्त्याची झीज ढोबळमानाने १६ पट होते. महामार्गाचे ट्रक पेलताना पर्यायी रस्ताही उखडला, तर रुग्णवाहिकेलाही वाट उरत नाही. म्हणून आधी पूल तपासतात, मग हलकी वाहनं सोडतात, जड सर्वांत शेवटी.